आधी झबलं उतरव

सूनबाई, वर्षासव्वा वर्षाचं पोर कळवळून रडायला लागलं की घरातली चार माणसं चार कारणं सांगतात. कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं दात येताहेत. मीठमोहऱ्या ओवाळू देत, पण तू तेवढ्यावर थांबू नकोस. लेकराला बोलता येत नसलं तरी त्याचं अंग सगळं सांगतं. ते क्रमानं बघत जायचं.

भूक, झोप, ओला लंगोट बघून झालं की उजेडात ने आणि अंगावरचे सगळे कपडे उतरव, मोजेसुद्धा. हातापायांचं एकेक बोट सुटं करून बघ. गळलेला केस किंवा मोज्यातला दोरा बोटाला गुंडाळून रुततो. बोट सुजून लालनिळं होतं, आणि केस चटकन दिसतही नाही. मुलग्याच्या शूच्या जागीही तो अडकतो. जांघेत टणक फुगवटा किंवा अंडाला सूज दिसली, तर तडक दवाखाना.

मग हालचाल. एक हात नुसता लोंबता ठेवतंय? मनगटाला धरून ओढलं की या वयात कोपरातलं हाड सरकतं. चोळू नकोस, डॉक्टर ते सहज बसवतात. पाय टेकवत नाही? साध्या पडण्यानंही नडगीला चीर जाते. सूज नसते आणि पहिल्या एक्सरेत ती कधीकधी दिसतही नाही. एक्सरे चांगला आला तरी पाय टेकत नसेल, तर पुन्हा दाखव.

चाचपताना हात ऊबदार असू देत. जिथं दुखत नसावं तिथून सुरुवात कर, आणि नजर हातावर नको, त्याच्या तोंडावर ठेव. दुखऱ्या जागी बोट गेलं की भुवया आक्रसतात, अंग आखडतं.

रडण्याची वेळही ध्यानात ठेव. आडवं केलं की रडतं, उभं धरलं की शांत होतं, त्यात सर्दीताप असेल तर कान दाखव. कानात तेल घालू नकोस. शू करताना कळवळतं किंवा सर्दीखोकला नसताना ताप आहे, तर लघवी तपासून घे. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतो, म्हणजे बहुधा आत काहीतरी कोंबलंय. दातांनी लाळ गळते, चिडचिड होते; सणसणून ताप चढला तर तो दातांवर ढकलू नये.

एक रडणं मात्र पक्कं लक्षात ठेव. थोड्याथोड्या वेळानं अचानक किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, पांढरंफटक पडतं. कळ ओसरली की गळून पडतं, आणि पुन्हा तेच. सोबत उलट्या. आतड्यात आतडं शिरलं की असं होतं. रक्ताची, जेलीसारखी शी फार उशिरा होते. तिची वाट बघायची नाही. पोटाला हिंग लावत रात्र काढू नकोस, तसंच उठून मोठ्या इस्पितळात जा.

इस्पितळातही असंच बघतात. १९९७ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी दुखणं मोजायची एक पट्टी तयार केली: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं. प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण १०. यातलं शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. कडेवर घेऊन, थोपटून, दूध देऊनही जे लेकरू शांत होत नाही, त्याला खरंच दुखतंय.

डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल द्यायला घाबरू नकोस. त्यानं आजार झाकला जात नाही. ॲस्पिरिन नको आणि अफूची घुटी तर मुळीच नको.

कळ आली की मोबाइलवर चित्रण कर. डॉक्टरांना सांग: केव्हापासून, कशानं वाढतं, शेवटची शी-शू कधी झाली, काय औषध दिलं. आणि ‘हे याचं नेहमीचं रडणं नाही’ हेही सांग, कचरू नकोस. रोज त्याचं रडणं तूच ऐकतेस. ते कुणी ऐकून घेतलं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.