भयपटाचा आरंभ

गतवर्षी पावसाळ्यात नववीच्या मुलांनी आमच्यापाशी हट्ट धरिला की, स्नेहसंमेलनासाठी नाटकाऐवजी या खेपेस चित्रपट करावा, आणि तोही भुताचा. संपूर्ण चित्रपट करणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा असे ठरले की, एखाद्या भयपटाची केवळ पहिली दोन मिनिटे करावयाची; पुढील कथा प्रेक्षकांनी आपापल्या मनात रचावी. ही वार्ता घरोघर पोहोचताच एका पालकांनी आम्हांस विचारिले, ‘‘शाळेत भुते शिकवावयाची काय?’’ प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर आम्हांस त्या दिवशी नीट देता आले नाही. ते काम करिता करिता सापडले, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहो.

प्रथम भयपटाच्या आरंभाचे काम काय ते पाहू. त्यास तीन गोष्टी साधावयाच्या असतात: जागा दाखविणे, तेथे काहीतरी बिघडले आहे अशी शंका उत्पन्न करणे, आणि ती शंका फिटण्यापूर्वीच थांबणे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड होय. आपल्याजवळचे भूत लवकर दाखवून टाकण्याचा मोह नवशिक्यास आवरत नाही.

ह्या प्रकारास काही ठरीव संकेत आहेत आणि ते बरेच जुने आहेत. फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस ह्याने १८९६ साली जो सुमारे तीन मिनिटांचा चित्रपट केला, त्यात जुना किल्ला, वटवाघूळ, हाडांचा सापळा ही सर्व मंडळी हजर आहेत. कॅमेरा मध्येच थांबवून, वस्तू बदलून, पुन्हा सुरू करण्याची त्याची युक्ती आमची मुले आज मोबाईलवर करितात व आपणच ती शोधून काढिली असे समजतात. आपल्याकडे १९४९ सालचा कमाल अमरोही यांचा ‘महल’ पाहावा. वादळी रात्र, ओसाड वाडा, नवा मालक, जुन्या मृत्यूची हकीकत सांगणारा म्हातारा माळी आणि भिंतीवरील तसबिरीत मालकाला दिसणारा स्वतःचाच चेहरा! पुढील सत्तर वर्षांच्या भयपटांची सामग्री त्या आरंभात भरलेली आहे. मौज अशी की, ज्या चित्रपटाने हे संकेत रुजविले, त्यात शेवटी भूत नाहीच. जी आकृती दिसते ती जिवंत मुलीची ठरते.

परंतु आम्हांस ज्या उदाहरणाचा खरा उपयोग झाला, त्याची नाळ आपल्या विदर्भाशी जुळलेली आहे. राही अनिल बर्वे यांनी १९९३ साली नागझिऱ्याच्या अरण्यात मुक्कामी असता एका मित्राच्या तोंडून नारायण धारपांची एक भयकथा ऐकिली. ती मनातून जाईना. १९९७ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांनी आपल्या चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. २००९ व २०१० ह्या काळात त्यांनी सातशे पानांची चित्रमालिका काढिली. २०१२ साली चित्रण झाले. पण जुळवून पाहता ते मनास येईना, म्हणून कथा पुन्हा लिहून पुष्कळसा भाग नव्याने चित्रित केला. अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट प्रकाशित झाला. म्हणजे रात्री रानात ऐकिलेली एक गोष्ट पडद्यावर यावयास पंचवीस वर्षे लागली. आमच्या मुलांस वाटत होते की, दोन शनिवार पुरेत.

हा चित्रपट प्रौढांसाठी असल्यामुळे आम्ही तो वर्गात दाखविला नाही. त्याचा आरंभ फळ्यावर खडूने आखून समजाविला. आधी एक आवाज देवीची व तिच्या लोभी पुत्राची कथा सांगतो. मग १९१८ साल, कोकणातील गाव, न थांबणारा पाऊस आणि घरात साखळीने जखडलेली एक म्हातारी. तिला खाऊ घालावे लागते, व हस्तर हे नाव घेतले म्हणजे ती निजते, एवढा नियम प्रेक्षकास लवकर कळतो. ह्या नियमाचे महत्त्व आम्ही मुलांस फिरून फिरून सांगितले. नुसता अंधार दाखविला तर प्रेक्षक दचकतो खरा, पण तेवढ्यापुरताच. ‘अमुक करू नये’ असे एकदा सांगून ठेविले की तो स्वतःच भीत बसतो, कारण कोणीतरी ते करणार हे त्यास ठाऊक असते.

आता आमची कथा. पहिल्या दिवशी मुलांनी आपली यादी फळ्यावर लिहिली: पांढरे पातळ, मोकळे केस, पैंजण, काळे मांजर, लिंबू-मिरची आणि पिंपळाखाली बसलेली म्हातारी. म्हातारीचे काम करावयास चार मुलगे एकदम उभे राहिले, हशा पिकला. तेवढ्यात मागल्या बाकावरील एक मुलगी, जी एरवी हजेरीपलीकडे बोलत नाही, उठून म्हणाली, ‘‘सर, आईच्या गावी एक बाई आहे. केस पांढरे, एकटीच राहते. लोक तिला विहिरीवर येऊ देत नाहीत. मुले तिला पाहून पळतात. तिने काहीच केलेले नाही.’’ एवढे बोलून ती खाली बसली.

वर्ग निवला. आम्हीही क्षणभर गप्पच होतो; कारण ती यादी फळ्यावर लिहून देणारा हात आमचा होता. मग मुलांस सांगितले की, कोणावर करणीचा वा चेटकाचा आळ घेऊन त्या व्यक्तीचे जिणे असह्य करणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्यासाठी २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, स्वतंत्र कायदा करण्यात आला. आणि तसा कायदा करावा लागला, यावरून ते दुःख किती खरे होते हे कळावे. एका चुणचुणीत मुलाने लगेच विचारिले, ‘‘मग तुंबाडातली म्हातारी कशी चालते?’’ आम्ही म्हणालो की, तेथे भयाचे मूळ म्हातारीत नसून घराण्याच्या लोभात आहे. ती त्या लोभाचे फळ भोगीत आहे. हे उत्तर त्या मुलास पटले. आमचे मात्र त्याने पुरते समाधान झाले नाही, हे कबूल केले पाहिजे. असो. वर्गाने ठरविले ते असे की, आपल्या चित्रपटात म्हातारी नको, विधवा नको, वेडा नको, वस्तीबाहेरचा कोणी नको. मग भ्यावयाचे कोणास?

दोन तासांच्या वादानंतर जी कल्पना निघाली ती आमची नव्हे, मुलांचीच. एक मुलगा विसरलेला डबा घ्यावयास शाळा सुटल्यावर परत येतो. शिपाईकाका फाटकाशी सांगतात, ‘‘लवकर ये. आणि आत कोणी हजेरी घेत असेल तर ‘हजर’ म्हणू नकोस.’’ मुलगा हसतो. वऱ्हांडा रिकामा. वर्गात शिरून तो डबा उचलतो, तोच शेजारच्या बंद खोलीतून संथ आवाज येतो: चौदा, पंधरा, सोळा. त्याचा क्रमांक सतरा. आवाज थांबतो, वाट पाहतो. सवयीने मुलाचे ओठ हलतात. तेथेच पडदा काळा.

खर्च म्हणाल तर शून्य. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली भांडवल उभारण्यासाठी कुंडीत वाटाणा पेरून, त्याचे रोज थोडे थोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट केला होता. त्या मानाने आमच्या मुलांजवळ मोबाईल, स्टॅण्ड आणि आख्खी शाळा होती. चौकटीच्या वहीत आगपेटीएवढी चित्रे काढून त्यांनी तेवीस शॉट ठरविले. प्रत्येक चित्राखाली तीन गोष्टी लिहावयाच्या: कॅमेरा कोठे, मुलगा कोणत्या बाजूने येतो, काय ऐकू येते. मुलगा एका शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे चालला असेल, तर पुढल्यातही तसाच चालला पाहिजे. नाही तर तो परत फिरला असे वाटते. हा नियम पुस्तकातून वाचून कोणी शिकले नाही; चुकीचे चित्रण पाहून सर्व शिकले.

उजेडाविषयी एक सूचना. मोबाईल अंधार पाहिला की आपणहून चित्र उजळवितो, मग ते रवाळ व पांढुरके दिसते. म्हणून खरोखरीच्या रात्री चित्रण करू नये. आम्ही ढगाळ सायंकाळी, सव्वासहाच्या सुमारास, दिवे मालवून खिडकीच्या उजेडावर काम केले; पडद्यावर बोट दाबून धरले असता बहुतेक मोबाईलांत उजेडाचे प्रमाण कायम राहते, त्याचा उपयोग केला. हजेरीचा आवाज मात्र खरोखरच बंद दारापलीकडून ध्वनिमुद्रित केला. जवळून घेऊन नंतर यंत्राने दूरचा केलेला आवाज खोटा वाटतो.

मग संकलन. मुलांनी तीन मिनिटे चाळीस सेकंदांची पहिली प्रत तयार केली. तीत कोठून तरी मिळविलेले कर्कश संगीत, एक किंकाळी, आणि भ्यालेल्या नायकाच्या चेहऱ्याचे सहा शॉट होते. सातवीच्या मुलांस ती दाखविली. ती पोटभर हसली. आमच्या दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. एक, सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियातील कुलेशोव्हने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा निरनिराळ्या चित्रांशेजारी जोडला; प्रेक्षकांस त्यात कधी भूक, कधी शोक दिसला. तेव्हा चेहऱ्याने भिण्याचा अभिनय करण्याची गरज नाही. शेजारी काय जोडिले यावर सारे आहे. दुसरी, १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’ ह्या अमेरिकन चित्रपटातील एक प्रसंग. एक स्त्री रात्री रस्त्याने जात आहे, मागून टाचांचा आवाज येतो, मग तो थांबतो. नुसती शांतता. ती घाईने चालू लागते, आणि एकाएकी फुत्कार होऊन समोर येते ती बस! ब्रेकचा आवाज, दुसरे काही नाही. संकलक मार्क रॉबसन यांची ही जोडणी इतकी गाजली की, तशा खोट्या धक्क्यास चित्रपटवाले ‘बस’च म्हणू लागले. धक्का बसने दिला, पण त्याची तयारी आधीच्या शांततेने केली.

मुलांनी मग कात्री चालविली. संगीत गेले, किंकाळी गेली, सहा चेहऱ्यांपैकी एकच उरला. हजेरीचा आवाज आधी बंद दाराच्या चित्रावर येत असे. तो तीन सेकंद अलीकडे ओढून, मुलगा डब्याचे झाकण लावीत असतानाच सुरू केला. आवाज आधी, चित्र मागाहून, एवढ्याच फरकाने अंगावर काटा आला. आपल्या नागपूरचे राजकुमार हिरानी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन नव्हे, संकलन शिकले होते, हे आम्ही त्या वेळी सांगितले. त्यानंतर मोबाईलपाशी बसावयास भांडणे लागली.

शेवटचा हात मात्र त्या मागल्या बाकावरील मुलीचा आहे. रिकाम्या वऱ्हांड्याचा शॉट इतरांनी चार सेकंदांचा ठेविला होता. तिने तो नऊ केला. कंटाळवाणा होईल असे सर्वांचे मत पडले. ती म्हणाली, ‘‘तो परत जाईल असे वाटू द्या. अजून फाटक उघडे आहे.’’ नऊ सेकंद राहिले. पूर्ण झालेली प्रत एक मिनिट बावन्न सेकंदांची आहे.

संमेलनाच्या दिवशी प्रश्न विचारणारे ते पालक पहिल्या रांगेत होते. ‘सोळा’ झाल्यावर सभागृहात पंख्यांखेरीज काही ऐकू येईना. पडदा काळा झाला, आणि लहानांच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, ‘‘हजर!’’ मग जे हसू फुटले त्यात ते पालकही सामील होते. नववीत आजही हजेरी घेताना सोळाव्या क्रमांकानंतर आम्हांस किंचित थांबावे लागते.