क्लचच्या बेअरिंगची फेरजुळणी

मोटारीचे इंजिन चालू असता सतत फिरत असते. चालकाच्या पायाखालचे पेडल मात्र फिरत नाही. या न फिरणाऱ्या पेडलाचा दाब फिरत्या क्लचपर्यंत पोहोचविणारा दुवा म्हणजे रिलीज बेअरिंग होय. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर क्लच सेकंदाला ५० फेरे घेतो. पेडल दाबले की फोर्क बेअरिंगला पुढे ढकलतो. बेअरिंगचे तोंड प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या जिभांवर टेकून त्यांच्यासह फिरू लागते. फोर्कातील भाग स्थिरच राहतो. जिभा दाबल्या गेल्या म्हणजे क्लच प्लेटवरील पकड सुटते. १९४८ साली आलेल्या मॉरिस मायनर या ब्रिटिश मोटारीत गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी ग्राफाइटचे कडे असे. पेडलावर विनाकारण पाय ठेवल्यास ते घासून लवकर झिजे.

इंजिन व गिअरबॉक्स पुन्हा जोडताना हे बेअरिंग बेल हाउसिंगच्या आत झाकले जाते. त्याची चूक नंतर दिसत नाही. ती दुरुस्त करण्यासाठी सारे काम पुन्हा उलगडावे लागते. पुढील क्रम पुढे इंजिन व मागील चाकांना गती असलेल्या मोटारीस लागू आहे.

प्रथम बॅटरीची तार सोडवावी. मोटार केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी, कारण कारागिराला तिच्याखाली जावे लागते. क्लच प्लेट प्रेशर प्लेटखाली बसविताना तिचा मध्य मध्यदर्शक दांड्याने साधावा. नवे बेअरिंग हाताने फिरवून पाहावे. खरखर जाणवल्यास ते वापरू नये. बंदिस्त बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊ नये, कारण आतील ग्रीस विरघळते.

बेअरिंग ज्या नळीवर सरकते ती नळी, फोर्काची टोके व त्याचा टेकू यांना ग्रीसचा पातळ थर द्यावा. क्लच प्लेटच्या अस्तराला मात्र ग्रीसचा स्पर्शही होता कामा नये. बेअरिंगचे तोंड क्लचकडे ठेवून ते फोर्कात बसवावे आणि त्याच्या क्लिपा नीट अडकल्या आहेत याची खात्री करावी. फोर्क हलविला असता बेअरिंग नळीवर सहज पुढेमागे सरकले पाहिजे. गिअरबॉक्स उचलताना फोर्क झुलून बेअरिंग निसटू नये, म्हणून त्याचे बाहेरील टोक दोरीने मागे बांधून ठेवावे.

यानंतर गिअरबॉक्स जॅकने आधार देऊन इंजिनाशी समपातळीत आणावा. त्याचा भार क्लच प्लेटवर कधीही लटकू देऊ नये. प्लेटचा मध्यभाग त्याने वाकतो. गिअर टाकून मागील दांडा किंचित फिरविला, म्हणजे पुढील दांड्याच्या खाचा प्लेटच्या खाचांत उतरतात. दोन्ही पृष्ठभाग हाताच्या जोराने एकमेकांस भिडले पाहिजेत. बोटभर फट उरली तर दांड्याचे टोक इंजिनातील छोट्या बेअरिंगमध्ये शिरलेले नसते. अशा वेळी बोल्ट आवळून फट मिटविण्याचा मोह टाळावा. त्यामुळे घर तडकते किंवा प्लेट बिघडते. गिअरबॉक्स मागे घेऊन पुन्हा सरळ रेषेत आणावा. पृष्ठभाग भिडल्यावरच बोल्ट समोरासमोर आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत.

काही मोटारींत बेअरिंग जिभांना ढकलत नाही, ओढते. तेथे त्या मोटारीच्या पुस्तिकेतील क्रमच पाळावा.

शेवटची परीक्षा इतर भाग जोडण्यापूर्वीच घ्यावी. दोरी सोडून फोर्क हाताने दाबावा. आरंभी थोडी ढिलाई जाणवून पुढे स्प्रिंगचा ठाम विरोध लागला, तर बेअरिंग जागेवर आहे. फोर्क विरोधाविना लांबवर झुलत राहिला, तर बेअरिंग निसटले असे समजावे व गिअरबॉक्स लगेच सोडवावा. या टप्प्यावर ते काम काही बोल्टांचे असते. मागील दांडा, तारा व नळ्या जोडून झाल्यावर तेच काम दिवसभराचे होते.