पाऊल घसरण्यापूर्वी

एक तरुण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आला आणि त्याने चक्क व्यभिचाराची परवानगी मागितली. उपस्थित लोक संतापून त्याला दटावू लागले. प्रेषितांनी (स.) मात्र त्याला जवळ बसविले आणि विचारले, ही गोष्ट स्वतःच्या आईच्या बाबतीत तुला रुचेल काय? मग मुलगी, बहीण, आत्या व मावशी यांच्याविषयीही तेच विचारले. प्रत्येक वेळी तो नाही म्हणाला, प्रत्येक वेळी प्रेषितांनी (स.) समजावले की इतरांनाही ते रुचत नाही. अखेरीस त्याच्यावर हात ठेवून त्यांनी पापक्षमा, हृदयशुद्धी व शीलरक्षणासाठी दुआ केली. त्यानंतर तो तरुण त्या वाटेकडे वळला नाही, असे हजरत अबू उमामा (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे (मुस्नद अहमद).

येथे गुन्हा अद्याप घडला नव्हता; तो मनातून ओठांवर आला होता. हाच सावरण्याचा क्षण. मुलाच्या खिशात अनोळखी पैसे दिसतात, तो रात्री उशिरा परततो, शाळा बुडवितो, तेव्हा आपण त्याला "घरातून चालता हो" म्हणतो. घराने दूर लोटलेल्या मुलाला जवळ करणारे वाईट सोबती बाहेर असतातच.

जवळ घेणे म्हणजे पाठीशी घालणे नव्हे. प्रेषितांनी (स.) हराम ते हलाल ठरविले नाही. अत्याचारी बंधूलाही मदत करा, असे सांगून त्यांनी त्या मदतीचा अर्थ स्पष्ट केला: त्याला अत्याचारापासून रोखणे (बुखारी).

म्हणून मुलाशी एकांतात बोलावे आणि प्रथम ऐकून घ्यावे. तो आईवडिलांशी बोलत नसेल तर चाचा, मामू, शिक्षक किंवा इमामसाहेब यांपैकी त्याच्या विश्वासातील व्यक्तीची मदत घ्यावी. संकटातील बालकांसाठी 1098 आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा 14416 हे क्रमांक आपल्या देशात उपलब्ध आहेत. तेथे मदत मागण्यात कमीपणा नाही.

गुन्हा घडलाच तर तो लपवू नये. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार 18 वर्षांखालील बालकाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तसेच ज्याचे नुकसान झाले, त्याचा हक्क परत करणे व त्याची क्षमा मागणे हा तौबेचाच भाग आहे, हे मुलाला शिकवावे.

आज रात्री मुलगा उशिरा आला तर दार उघडताना प्रश्नाआधी सलाम करावा. अल्लाह आपल्या संततीचे रक्षण करो. आमीन.