बारावी कुठून केली?

माझ्या मुलीला नीटला ७२० पैकी ६५१ गुण पडले. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण गावात अजूनही 'पोरगी थोडक्यात राहिली' असं बोललं जातं. पोरगी कुठेच राहिली नाही. राहिलो मी, आणि ज्यांना मी चार लाख दहा हजार मोजले ते.

२०२२ मध्ये ती इथेच, मलकापुरात, स्टेट बोर्डाची दहावी झाली. त्या वर्षी आमच्यासारख्या घरांत जो वाद चालला होता तोच आमच्याकडेही होता. कॉलेज वेगळं आणि ट्यूशन वेगळी, की सरळ इंटिग्रेटेड? इंटिग्रेटेड म्हणजे अकरावी-बारावी, नीटचा क्लास आणि होस्टेल, सगळं एका पावतीवर. मनात धास्तीही होती. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ७०:३० चा प्रादेशिक कोटा काढला आणि विदर्भातल्या पोरांसाठी विदर्भातच राखलेल्या जागा गेल्या. आता लातूरच्या पोरांशी थेट सामना. ट्यूशनच्या जिवावर तो कसा जमायचा, असं वाटायचं.

मे महिन्यात इंदूरच्या एका क्लासचा माणूस दुकानात आला. माझं कृषी केंद्र आहे. ऐन बियाण्याच्या गर्दीत तो तासभर स्टुलावर बसून राहिला, यावरच मी भाळलो. इंदूर म्हणजे बुऱ्हाणपूर-खंडव्याच्या रस्त्याने आमच्या पायाखालचं. मी त्याला एकच प्रश्न विचारला: मुलगी महाराष्ट्राची, पुढे अडचण तर नाही येणार? तो हसला. "डोमिसाईल महाराष्ट्र का है ना? बस, फिर काहे का टेंशन!" तहसीलमधून काढलेलं डोमिसाईल माझ्या फाइलीत होतं. मी निर्धास्त झालो. तिचा एलसी काढला आणि त्याच्या हातात दिला.

शिकवणं चांगलं होतं, हे कबूल करतो. फिजिक्सचे सर तर फारच चांगले. पोरीने दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला.

मग आलं २०२४. निकाल लागला तो दिवस लोकसभेच्या निकालाचा, ४ जून. पहिल्या यादीत ६७ जणांना ७२० पैकी ७२०! गुणांचा असा पूर आला होता की ६५१ वर पेढे वाटावेत की नाही तेच कळेना. तरी वाटले. राज्याच्या ८५ टक्के जागा आहेत, काम होईल, असा हिशोब होता.

सीईटी सेलचा फॉर्म भरायला मी तिला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत घेऊन गेलो. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा भराभर टाइप करत होता. दहावी कुठून? महाराष्ट्र. बारावी कुठून? ती म्हणाली, मध्य प्रदेश. त्याचा हात थांबला. "काका, मग स्टेट कोट्यात नाही बसत ना तुम्ही."

मी त्याला डोमिसाईल दाखवलं. त्याने माहिती पुस्तिका उघडली आणि पात्रतेचं पान माझ्याकडे वळवलं. राज्याच्या कोट्यासाठी डोमिसाईल लागतंच, त्यासोबत दहावीही महाराष्ट्रातून आणि बारावीही महाराष्ट्रातूनच झालेली लागते. काही अपवाद दिलेले आहेत, बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांची मुलं, कर्नाटक सीमेवरच्या वादग्रस्त गावांतली मुलं. मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या बियाणेवाल्याची मुलगी त्यात नाही. मी ते पान तीनदा वाचलं. पोरगी माझ्याकडे बघतच नव्हती, ती पंख्याकडे बघत होती.

तिकडे मध्य प्रदेशात जावं, तर तिथलं डोमिसाईल नाही. उरला देशभराचा १५ टक्के कोटा, आणि त्या वर्षीच्या पुरात तिथे ६५१ ला कोण विचारतो? डीम्ड विद्यापीठांना राज्याची अट नाही, पण फी बऱ्याच ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे. आणि वर्षभर थांबून पुन्हा नीट दिली, तरी बारावीचं मार्कशीट बदलत नाही.

त्याच दुपारी इंदूरला फोन लावला. दोन वर्षं "सर, सर" करणारा तोच माणूस म्हणाला, "सर, ये तो पेरेंट्स को देखना होता है." दुसऱ्यांदा लावला तर उचलला नाही. महिनाभराने कोणीतरी मोबाइलवर त्यांची जाहिरात पाठवली. टॉपरच्या रांगेत माझ्या पोरीचा फोटो, खाली ६५१. जागा मिळाली की नाही, त्याचा एक शब्द नाही. फोटो काढा म्हणून मी चार मेल केले. पुढच्या वर्षी मार्चपर्यंत तो होता.

घरात बायको एकच वाक्य बोलली, पण ते अजून टोचतं: "पिशवीवरचा लॉट नंबर चष्मा लावून वाचता, अन् पोरीच्या शायेचं राज्य नाई वाचलं?"

ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्याच जिल्ह्याला, बुलढाण्याला, शंभर जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिच्या वर्गातली एक मैत्रीण इथल्याच ज्युनियर कॉलेजात शिकली, ट्यूशन लावून. तिला ६४३ होते. ती बुलढाण्याला लागली. त्या पोरीबद्दल मनात काही नाही, आम्ही साडी-पेढे घेऊन जाऊन आलो. माझी मुलगी आता कर्नाटकात आयुर्वेद शिकतेय. ऑल इंडिया कोट्यातून गेली.

तेव्हा ज्यांच्या घरी आत्ता दहावी आहे, त्यांनी ऐकावं. सीईटी सेलची मागच्या वर्षीची माहिती पुस्तिका अकरावीच्या प्रवेशाआधी वाचा. आपण सगळे ती बारावीनंतर उघडतो, तोवर वाचून उपयोग उरत नाही. क्लासवाल्याला विचारा: मुलाचं नाव कोणत्या शाळेच्या पटावर, कोणत्या बोर्डाचं, कोणत्या राज्यात? उत्तर लेखी घ्या. कोटा, इंदूर, हैदराबाद, कुठेही हेच विचारा. 'नाव महाराष्ट्रातच डमी ठेवू' असं कोणी म्हणालं तर त्यातही सुख नाही. २०२४ मध्ये सीबीएसईने अशा वीसेक शाळांची मान्यताच काढली. आणि बारावीत पीसीबीला खुल्या वर्गाला ५० टक्के लागतात, राखीवला ४०. नीटच्या नादात बोर्डावर पाणी सोडू नका.

पैसे एकदम भरू नका, हप्ते पाडा, रोख देऊ नका. मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मी पैसे भरले तेव्हा त्या नव्हत्या. मुलांची आवड बघा, तब्येत सांभाळा, वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

इंटिग्रेटेड या शब्दाचीही एक गंमत सांगतो. माझा साडू अमेरिकेत असतो. तिथे चार वर्षं कॉलेज, मग एमकॅट, मग चार वर्षं मेडिकल असा साधा रस्ता, आणि काही ठिकाणी शाळा संपतानाच मेडिकलची जागा राखून देणारा एकत्र कोर्स. ब्राउन विद्यापीठाचा तसा आठ वर्षांचा आहे. म्हणजे तिथे पुढची जागा जोडलेली असते. आमच्याकडे क्लासची फी आणि होस्टेलची फी जोडलेली होती. शब्द एकच.

ती माहिती पुस्तिका मी छापून काउंटरखाली ठेवली आहे. बियाणं न्यायला आलेल्या बापांना ते पान दाखवतो. काहींना वाटतं, हा जळतो. वाटो. परवा नांदुऱ्याकडचा एक जण आला, मुलगा सोबत. इंदूरचंच ठरलंय, पहिला हप्ता कालच भरला म्हणाला.

"एलसी दिला का?"

"नाई अजून. सोमवारी नेऊन देतो."

मी पिशवी बाजूला ठेवली आणि म्हटलं, "मंग बसा जरा, बाप्पा."