गिटार अँप : खरा व्हॉल्व्ह की नुसतं गणित?

हॉस्टेलमध्ये गिटार वाजवणारे दोघं एकत्र आले की हा वाद निघतोच. एक म्हणतो, "खरा टोन फक्त ट्यूब अँपचा, बाकी सगळं प्लास्टिक." दुसरा म्हणतो, "अबे, लॅपटॉपवर फुकटात तेच वाजते." वाद मेसपर्यंत जातो, निकाल मात्र लागत नाही. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. तेव्हा आवडनिवड बाजूला ठेवून आधी सर्किट बघू या.

व्हॉल्व्ह काय करतो?

जुन्या रेडिओत लालसर पेटायचे तेच हे व्हॉल्व्ह. गिटार अँपच्या पहिल्या स्टेजला बहुधा १२एएक्स७ हा ट्रायोड असतो. त्याचा अँप्लिफिकेशन फॅक्टर १००. ग्रिडवरचा छोटा सिग्नल प्लेटचा करंट कमी-जास्त करतो. सिग्नल फार मोठा झाला की वेव्हचा माथा दबतो, पण सुरीने कापल्यासारखा नाही, हळूहळू गोलावत. शिवाय वरची आणि खालची बाजू सारखी दबत नाही, म्हणून सम हार्मोनिक्सही तयार होतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणायचं. पुस्तकी मराठीत 'विरूपण' म्हणतात म्हणे, पण माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्याला तो शब्द डिक्शनरीतच भेटला!

गणिताने हे कसं करायचं?

सोपं वाटतं. इनपुटला गेनने गुणा आणि त्याचा टॅन-हायपरबोलिक घ्या, माथा गोल होतो. पण इथे दोन अडचणी येतात.

पहिली अडचण सॅम्पलिंगची. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल घेतले तर २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. ५ किलोहर्ट्झच्या सुराचा सातवा हार्मोनिक ३५ किलोहर्ट्झ. तो नाहीसा होत नाही, उलटा दुमडून ४४.१ वजा ३५, म्हणजे ९.१ किलोहर्ट्झवर ऐकू येतो. मूळ सुराशी त्याचं काही नातं नसतं, म्हणून कानाला खुपतो. उपाय म्हणजे आधी सॅम्पलिंग चार-आठ पट वाढवायचं, मग डिस्टॉर्शन, मग फिल्टर आणि मग परत खाली.

दुसरी अडचण जास्त मजेची. खऱ्या अँपला स्मृती असते. जोरात स्ट्रम मारला की पॉवर सप्लायवर ताण येतो, प्लेट व्होल्टेज क्षणभर बसतं आणि पुन्हा सावरतं. बोटांना हे जाणवतं. नुसत्या टॅन-हायपरबोलिकला आधीचा क्षण आठवत नाही, त्यामुळे चांगल्या मॉडेलला सप्लाय, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर सगळंच गणितात आणावं लागतं.

माजरीचं व्होल्टेज

उन्हाळ्यात माजरीला आमच्याकडे घरोघरी कूलर लागले की व्होल्टेज उतरतं आणि पंखा आळसावतो. समजा २३० चं २०० झालं. ज्या अँपची प्लेट ४५० व्होल्टवर चालते, तिला सुमारे ३९० मिळतील, आणि ६.३ व्होल्टच्या हीटरला ५.५. म्हणजे तोच अँप मे महिन्यात वेगळा वाजेल. एडी व्हॅन हेलन हे मुद्दाम करायचा. १९७८ च्या पहिल्या अल्बमच्या काळात तो आपल्या मार्शलला व्हेरिअ‍ॅकमधून कमी व्होल्टेज द्यायचा. व्हेरिअ‍ॅक म्हणजे आपल्या मशीन्स लॅबमधला डिमरस्टॅट! (प्रयोग करायचाच तर सरांसमोर. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट राहू शकतात, आणि ते जीवघेणे असतात.)

मुद्दा असा, की 'खरा ट्यूब टोन' ही एकच ठरलेली गोष्ट नाही. मॉडेल म्हणजे एका अँपचं, एका दिवशी, एका व्होल्टेजला घेतलेलं मोजमाप. जेवढं मोजलं तेवढंच त्यात येणार.

नक्कल म्हणजे खोटं का?

१९६२ मध्ये लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला मार्शल अँप तयार झाला, तो अमेरिकन फेंडर बासमनच्या सर्किटवरूनच. पार्ट्स आणि स्पीकर मात्र तिथे मिळाले ते लावले, आणि त्यातून नवा आवाज जन्माला आला. आज त्याला कोणी नक्कल म्हणत नाही. पुढे १९९८ मध्ये लाइन ६ चा राजम्याच्या दाण्यासारखा लाल पॉड आला. आता तर न्यूरल नेटवर्कला खऱ्या अँपचं इनपुट-आउटपुट शिकवतात. न्यूरल अँप मॉडेलर हे सॉफ्टवेअर मोफत आणि ओपन सोर्स आहे.

मग आपण काय घ्यावं?

५० वॅटचा व्हॉल्व्ह अँप पूर्ण उघडल्याशिवाय त्याची खरी गंमत येत नाही, आणि हॉस्टेलच्या खोलीत तो उघडला तर रेक्टर सर आपल्यालाच बाहेर काढतील. इथे मॉडेल जिंकतं. १२८ सॅम्पलच्या बफरला २.९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे अँपपासून एक मीटर दूर उभं राहण्याइतकाच उशीर. येणं-जाणं धरून दोन-तीन मीटर समजा. हेडफोनमध्ये मात्र एक गोष्ट मिळत नाही. स्पीकरने हलवलेली हवा तारेला परत थरथरवते आणि सूर लांबत जातो. त्यासाठी खोली आणि स्पीकर हवाच.

तेव्हा ट्यूब अँप परवडत नाही म्हणून गिटार कपाटावर ठेवू नका. गॅदरिंगला मॉडेलचा आवाज मोठ्या स्पीकरमधून काढा, त्याच्यासमोर उभे राहा आणि मग ठरवा. वाद घालायचाच असेल तर ब्रँडवर नको, कोणी काय मोजलं आणि काय मोजायचं राहिलं, यावर घाला.

– एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स, मु. माजरी