ज्येष्ठ रुग्ण आणि बुरशीरोधक औषधे : योग्य मात्रा व परस्परक्रिया

बुरशीचा संसर्ग म्हटला की सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर नायटा, गजकर्ण किंवा नखांची विकृती येते. 2021 साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या रोगाने मधुमेही रुग्णांना ग्रासले, तेव्हा बुरशीचे उग्र रूपही महाराष्ट्राने पाहिले. रोगाविषयी त्यामुळे बरीच जागृती झाली. त्यावरील औषधांविषयी मात्र तेवढी झालेली नाही. ही औषधे गुणकारी आहेत, पण साठी-सत्तरी ओलांडलेल्या आणि आधीच चार-पाच गोळ्या नित्य घेणाऱ्या रुग्णांना ती देताना विशेष दक्षता घ्यावी लागते. देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यासमोर तो विषय आम्ही येथे मांडत आहोत.

परस्परक्रिया का घडते?

बुरशीच्या पेशीचे आवरण टिकण्यासाठी एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य लागते. ते तयार करणाऱ्या विकराला, म्हणजेच एन्झाइमला, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही ‘अ‍ॅझोल’ गटातील औषधे अडवतात. हे विकर ‘सायटोक्रोम पी-450’ या कुळातले आहे आणि आपल्या यकृतात इतर औषधांचा निचरा करणारी अनेक विकरेही याच कुळातली आहेत. त्यामुळे बुरशीला रोखणारे औषध काही प्रमाणात यकृताचे कामही रोखते. रुग्ण नेहमीचीच गोळी नेहमीच्याच मात्रेत घेतो. परंतु तिचा निचरा मंदावल्याने रक्तातील तिची पातळी वाढत जाते.

या धोक्याची जाणीव वैद्यकशास्त्राला एका ठळक उदाहरणाने झाली. टर्फेनाडिन हे अ‍ॅलर्जीवरील लोकप्रिय औषध केटोकोनॅझोल या बुरशीरोधकासोबत घेतल्यास हृदयाचे ठोके घातक रीतीने अनियमित होऊ शकतात, असे 1990 च्या सुमारास आढळले. पुढे 1998 साली अमेरिकेत टर्फेनाडिन बाजारातून मागे घेण्यात आले.

वय, मूत्रपिंड आणि मात्रा

फ्लुकोनॅझोलचा सुमारे 80 टक्के भाग मूत्रपिंडावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. वयोमानानुसार मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता घटते, पण रक्ततपासणीत ती घट नेहमी दिसतेच असे नाही. कारण क्रिएटिनिन स्नायूंतून निर्माण होते आणि वृद्धांचे स्नायू झिजलेले असतात.

समजा, 78 वर्षांच्या, 45 किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिन 1.0 आले. अहवालात हा आकडा ‘सामान्य’ म्हणून छापला जातो. परंतु वय, वजन व लिंग लक्षात घेणाऱ्या कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केल्यास त्यांची गाळणक्षमता मिनिटाला सुमारे 33 मिलिलिटर इतकीच भरते. ही क्षमता 50 किंवा त्याहून कमी असेल आणि फ्लुकोनॅझोल रोज द्यायचे असेल, तर पहिल्या पूर्ण मात्रेनंतर पुढील मात्रा साधारणतः निम्मी केली जाते. नखांच्या विकारासाठी दिले जाणारे टर्बिनाफिन तर इतक्या कमी क्षमतेत सहसा टाळले जाते. म्हणून मात्रा ठरविताना केवळ क्रिएटिनिनचा आकडा न पाहता हा हिशेब करणे आवश्यक ठरते.

कोणत्या औषधांबाबत सावध राहावे?

रक्त पातळ करणारी औषधे : वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल घेणाऱ्यास फ्लुकोनॅझोल दिल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. आयएनआर ही तपासणी लवकर व वारंवार करावी लागते. तोंडातील बुरशीसाठीची मायकोनॅझोलची जेलही याला अपवाद नाही.

मधुमेहाच्या गोळ्या : ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा प्रभाव वाढून साखर एकाएकी उतरू शकते. वृद्धांमध्ये ही स्थिती घाम, थरथर याऐवजी गोंधळलेपणा किंवा असंबद्ध बोलणे या रूपात दिसते आणि ‘वयामुळे असेल’ म्हणून दुर्लक्षिली जाते.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्या : इट्राकोनॅझोलसोबत सिम्व्हास्टॅटिन देऊ नये, स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनबाबतही सावधगिरी हवी.

हृदयविकार : इट्राकोनॅझोल हृदयाच्या आकुंचनाची शक्ती कमी करू शकते. हृदय दुर्बल असलेल्यांना नखांच्या बुरशीसारख्या किरकोळ कारणासाठी ते देऊ नये. डिगॉक्सिनची पातळीही त्याने वाढते.

आम्लपित्ताच्या गोळ्या : येथे उलट घडते. इट्राकोनॅझोलची नेहमीची कॅप्सूल शोषली जाण्यास जठरातील आम्ल लागते. ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल सुरू असल्यास औषध अंगी लागत नाही आणि रोग हटत नाही.

गंभीर संसर्गात शिरेवाटे दिले जाणारे अ‍ॅम्फोटेरिसिन-बी मूत्रपिंडाला इजा करू शकते व रक्तातील पोटॅशियम घटवते. लायपोसोमल प्रकारात मूत्रपिंडाचा त्रास कमी असतो, मात्र तो महाग आहे. दोन्हींत रक्ततपासण्या नियमित कराव्याच लागतात.

कुटुंबीयांना विनंती

1. डॉक्टरांकडे येताना घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून आणावीत. त्यांत आयुर्वेदिक औषधे, डोकेदुखीच्या गोळ्या, मलमे व दुकानातून परस्पर घेतलेली औषधेही असावीत.

2. त्वचेच्या मर्यादित संसर्गात बहुधा केवळ मलम पुरते. मात्र स्टेरॉइड मिसळलेली मलमे स्वतःहून लावू नयेत. खाज तात्पुरती थांबते, बुरशी पसरते आणि अखेर पोटातील औषध दीर्घकाळ घ्यावे लागते.

3. जुनी चिठ्ठी दाखवून किंवा शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून बुरशीरोधक गोळी सुरू करू नये. नेहमीची औषधेही मनाने बंद करू नयेत.

4. हिरड्यांतून रक्त, काळसर शौच, अंगावर निळे डाग, कावीळ, गडद लघवी, पायांवर सूज, धाप, स्नायूंत तीव्र वेदना, भोवळ किंवा अचानक गोंधळलेपणा दिसल्यास त्वरित रुग्णालयात यावे.

5. फ्लुकोनॅझोल बंद केल्यावरही त्याचा प्रभाव चार-पाच दिवस राहतो. या काळातही साखर व आयएनआर यांवर लक्ष ठेवावे.

देणगीतून उभे राहिलेले यंत्र सर्वांना दिसते. औषध देण्यापूर्वी पिशवीतील प्रत्येक गोळी तपासण्यात गेलेला अर्धा तास, किंवा वेळेवर केलेली रक्ततपासणी, कोणाच्या नजरेस येत नाही. तथापि वृद्ध रुग्णाचा रक्तस्राव टळतो तो याच कामामुळे. या कामासाठी प्रशिक्षित औषधनिर्माते व गरजू रुग्णांसाठी अल्पदरात तपासण्या उपलब्ध असणे हे आम्ही उपचाराचेच अंग मानतो. त्यासाठी आपले साहाय्य लाभत राहावे, ही नम्र विनंती.