डहाणूहून बोर्निओच्या नदीवर : ओरांगउटान पाहायला खर्च किती?

नदीवर नावेतच राहायचं, नावेतच जेवायचं-झोपायचं आणि जंगलातले ओरांगउटान पाहायचे, अशी तीन दिवसांची सहल करायची तर डहाणू-तलासरीच्या माणसाने किती पैसे बाजूला ठेवावेत? चौघं मिळून गेलात तर माणशी ₹७०,००० ते ₹१ लाख. दोघंच असाल तर माणशी सात-आठ हजार वाढतील. एकटेच निघालात तर ₹९०,००० च्या खाली भागणार नाही. हे आकडे अंदाजाचे आहेत, विमानाच्या भाड्यानुसार हलतात. पण यातला निम्म्याहून अधिक पैसा विमानात जातो, नावेत नाही. म्हणून काटकसर तिकिटात करावी, नावेत करू नये.

जागा आहे इंडोनेशियातलं तांजुंग पुटिंग राष्ट्रीय उद्यान. बोर्निओ बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, मध्य कालिमांतान प्रांतात, चार लाख हेक्टरांहून मोठं. संशोधक बिरुटे गाल्दिकास १९७१ मध्ये इथे आल्या आणि ओरांगउटानांच्या अभ्यासासाठी त्यांनी कॅम्प लीकी उभारला. तो आजही आहे, आणि प्रवाशांची नाव शेवटी तिथवरच जाते. बोर्निओचा ओरांगउटान २०१६ पासून ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. मादीला एक पिल्लू झालं की दुसरं व्हायला सात-आठ वर्षं लागतात. मेलेल्यांची भरपाई होणं किती कठीण, हे एवढ्यावरून कळतं.

घर ते कुमाई

डहाणू रोडहून लोकलने अंधेरी आणि तिथून रिक्षाने विमानतळ, हा सगळ्यात स्वस्त मार्ग. लोकलचं साधं तिकीट शंभर रुपयांच्या आतच. चार माणसं आणि बॅगा असतील तर मात्र सकाळच्या गर्दीत हे जमत नाही. गाडी करा, ₹३,५०० ते ₹५,००० धरा. तलासरीकरांच्या दारावरूनच महामार्ग जातो, पण मनोर ते घोडबंदरची कोंडी कधी लागेल सांगता येत नाही. उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळावर आणि त्याआधी रस्त्याचे पाच तास, असा हिशेब ठेवा.

मुंबई ते जकार्ता जाऊन-येऊन ₹२८,००० ते ₹४५,०००. अडीच-तीन महिने आधी काढलेलं तिकीट खालच्या टोकाला मिळतं. सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे जाणारं कधी स्वस्त पडतं, पण त्यात बॅगेचे पैसे वेगळे असतात. ते धरूनच तुलना करा. जकार्ताहून उद्यानाजवळच्या पांगकालान बुन शहराचं विमान सव्वा तासाच्या आसपासचं, जाऊन-येऊन ₹१०,००० ते ₹१७,०००. देशांतर्गत विमानं उशिरा सुटतात, रद्दही होतात. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर नसतील तर जकार्तात एक रात्र काढाच, जाताना आणि परतताना दोन्हीकडे. विमानतळाजवळची साधी खोली दोघांत ₹२,००० ते ₹३,००० ला मिळते. हे पैसे वाचवायला गेलात आणि जोडविमान चुकलं तर नवं तिकीट काढावं लागतं, वर तुमची नाव तुमच्याविना धक्क्याला बांधून राहते.

पांगकालान बुनच्या विमानतळापासून, नाव जिथून सुटते तो कुमाईचा धक्का गाडीने अर्ध्या तासाच्या आत येतो. नाववाले बहुधा न्यायला येतात, पण ते भाडं ठरलेल्या रकमेत आहे का, हे आधी विचारा.

कागदपत्रं

नव्या छत्तीस पानी पासपोर्टची फी ₹१,५००, तत्काळ हवा असेल तर आणखी ₹२,०००. घरी आधीच पासपोर्ट असेल तर त्याची मुदत पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी. भारतीयांना इंडोनेशियाचा तीस दिवसांचा व्हिसा उतरल्यावर मिळतो किंवा आधी ऑनलाइन काढता येतो. फी पाच लाख इंडोनेशियन रुपये, म्हणजे आपले सुमारे ₹२,७००. सरकारी संकेतस्थळासारखं दिसणारं दुसरंच पान दुप्पट पैसे घेतं, तेव्हा पत्ता नीट वाचून मगच कार्ड भरा. आगमनाचा ऑनलाइन अर्ज मोफत असतो. त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

तिथले आकडे ऐकून पहिल्या दिवशी माणूस गांगरतो. सोपा हिशेब असा : तीन शून्यं काढा आणि पाचाने गुणा. एक लाखाची नोट म्हणजे आपले पाचशे रुपये आणि वर थोडे. नोटा पांगकालान बुनमध्येच काढून घ्या. नदीवर एटीएम नाही.

नाव : इथे हात आखडू नका

इथल्या नावेला क्लोटोक म्हणतात. लाकडी, दोन मजली, डिझेल इंजिनाची. वरचा मजला प्रवाशांचा : दिवसा खुर्च्या, रात्री गाद्या आणि मच्छरदाणी. खालच्या मजल्यावर स्वयंपाक आणि नावेवर काम करणारी माणसं. एका नावेवर तांडेल, त्याचा मदतनीस, स्वयंपाकी आणि वाटाड्या असे चौघं तरी असतात. म्हणूनच एकट्याला नाव महाग पडते, कारण प्रवासी एक असो की चार, ही माणसं आणि डिझेल तेवढंच लागतं.

तीन दिवस, दोन रात्रींसाठी चौघांची स्वतंत्र नाव असेल तर माणशी ₹१५,००० ते ₹२०,०००. दोघांची असेल तर माणशी ₹२०,००० ते ₹२८,०००. एकट्याला ₹३५,००० ते ₹४५,०००. यात जेवण, वाटाड्या आणि बहुधा उद्यानाचं प्रवेशशुल्क येतं. ‘बहुधा’ यावर भागवू नका. परदेशी माणसाला हे शुल्क दिवसागणिक लागतं, तेव्हा ते रकमेत आहे की नाही ते लिहून घ्या. अनोळखी प्रवाशांबरोबर नाव वाटून घेतली तर एकट्याचं ओझं निम्म्यावर येतं.

वातानुकूलित खोल्यांच्या नावा दीडपट-दुप्पट घेतात. घरात वृद्ध माणूस किंवा दम्याचा त्रास असेल तर घ्या, नाहीतर त्या पैशांत आणखी एक रात्र नदीवर राहा. बंद खोलीत रात्र काढायला एवढ्या लांब कशाला जायचं? उघड्या मजल्यावर झोपलं की पहाटे किड्यांचा आणि माकडांचा आवाज अंथरुणात ऐकू येतो. चौथा दिवस वाढवला तर माणशी चार-पाच हजार वाढतात, आणि माझ्या मते सगळ्या सहलीत याहून चांगल्या कारणी लागलेला पैसा नाही.

एका रात्रीची सहल विकणारेही भेटतील. घेऊ नका. कॅम्प लीकी आत खोलवर आहे आणि तिथे ओरांगउटानांसाठी फळं ठेवण्याची वेळ साधारण दुपारी दोनची. वाटेतल्या थांब्यांपैकी पोंडोक तांग्गुईला सकाळी नऊ, तांजुंग हारापानला दुपारी तीन. तिन्ही ठिकाणं निवांत करायची तर तीन दिवस लागतातच.

इथे एक गोष्ट आधीच समजून घ्या. या तीन ठिकाणी दिसणारे ओरांगउटान बरेचसे पूर्वी माणसांच्या तावडीतून सोडवलेले किंवा त्यांची पिल्लं-नातवंडं आहेत. वनकर्मचारी लाकडी मंचावर केळी-रताळी ठेवतात आणि ते झाडांवरून उतरून येतात. जंगलात फळं भरपूर असली की कोणी फिरकतही नाही. असा दिवस निघाला तर भांडू नका, कारण ती जंगलासाठी चांगलीच बातमी आहे. पूर्ण रानटी ओरांगउटान नदीकाठी दिसणं नशिबाचं. लांब नाकाची माकडं मात्र संध्याकाळी काठच्या झाडांवर झोपायला येतात, ती तांडेल हमखास दाखवतो. कॅम्प लीकीकडची उपनदी लागली की गढूळ पाणी संपून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी सुरू होतं, कुजलेल्या पाल्याच्या जमिनीतून झिरपून आलेलं. पाण्यात मगरी आहेत. पोहायचं नाही, हात-पायही सोडून बसायचं नाही.

आगाऊ रक्कम दहा ते पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. बाकीची कुमाईला नाव पाहून द्या. नावेचं नाव, कोणकोणते थांबे, वाटाड्याकडे परवाना आहे का, पिण्याचं पाणी किती आणि कचरा परत कुमाईला आणतात का, हे सगळं व्हॉट्सअॅपवर लेखी मागा. जो नाववाला कचऱ्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही, तो स्वस्त असला तरी नको. भारतातल्या कंपनीकडून पूर्ण पॅकेज घेतलंत तर त्यावर जीएसटी आणि टीसीएस (विक्रीवेळीच गोळा केला जाणारा आयकर) लागतो. टीसीएस विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.

जेवण, औषध, बक्षिसी

स्वयंपाक नावेवरच होतो : भात, मासे, भाज्या, तळलेली केळी. शाकाहाऱ्यांना सोयाबीनचं टोफू आणि टेम्पे मिळतं. मिरचीच्या ठेच्यात मात्र कोळंबी वाटून केलेली तेरासी असते, आपल्या जवळ्याच्याच जातीची, आणि भाजीतही पडते. बोर्डी-घोलवडच्या जैन कुटुंबांनी हे आधीच बजावून सांगावं आणि सोबत थेपले, खाकरे, सुकी चटणी ठेवावी.

प्रवासविमा माणशी हजार-दीड हजारात येतो. रुग्णाला दुसऱ्या शहरात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, ते पाहा. कालिमांतानमध्ये मलेरिया आहे. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. आणि सर्दी-ताप असेल तर मंचाजवळ जाऊच नका. आपले आजार ओरांगउटानांना लागतात, त्यांचा-आपला जनुकीय साठा सुमारे सत्त्याण्णव टक्के सारखा आहे. शेवटच्या दिवशी नावेवरच्या माणसांना मिळून ₹३,००० ते ₹४,००० बक्षिसी द्यायची रीत आहे. त्यांच्या कष्टाला ती कमीच.

कधी जावं

आपली लावणी उरकली की भातकापणीपर्यंत जे दिवस हाताशी असतात, तेच तिथले कोरडे दिवस. जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य उत्तम, पण युरोपातले प्रवासीही तेव्हाच येतात, म्हणून नाव चार महिने आधी ठरवा. सप्टेंबरपासून वणव्यांचा धूर होऊ शकतो. २०१५ आणि २०१९ मध्ये तो फार होता. मे महिनाही चांगला, मुलांना सुट्टी असते.

नावेतून जाताना हेही लक्षात घ्या : नदीच्या उत्तर तीराकडे उद्यानाची हद्द संपते आणि पलीकडे तेलताडाचे मळे आहेत. जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश भारत आहे. आपल्या फरसाणाच्या पुड्यावर ‘पामोलीन’ लिहिलेलं असतं, त्याचा आणि त्या मळ्यांचा संबंध आहे. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, जंगल आणि बागायत राखायला इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

बोर्निओला जाण्याएवढा पैसा हाताशी नसेल तर कर्ज काढून जाऊ नका. आसामात जोरहाटजवळ होलोंगापार अभयारण्य आहे, जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरचं. भारतात आढळणारा एकमेव बिनशेपटीचा वानर, हुलॉक गिबन, तिथे सकाळी हाका घालत झाडांच्या शेंड्यांवरून फिरतो. गिबन धरून माकडवर्गातल्या सात जाती त्या लहानशा जंगलात आहेत. जवळचं रेल्वेस्थानक मरियानी. नोव्हेंबर ते मार्च जा, आणि नदीची हौस असेल तर निमाती घाटावरून माजुलीची फेरी धरा. रेल्वेने गेलात तर माणशी ₹२५,००० ते ₹३५,००० त आठवडा होतो, पासपोर्टही लागत नाही. लहान मुलं सोबत असतील तर मी आधी हीच सहल करा म्हणेन, बोर्निओ नंतर.